संत्र्याच्या क्रीमची बिस्किटं: कढईत, ओव्हनमध्ये नाहीतर गावच्या भट्टीवर

दिवाळीच्या तोंडावर अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूड-मोर्शी भागात आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची) संत्री उतरायला लागतात. त्याच सुमारास बायका मैदा, रवा, तूप, साखर डब्यांत भरून तालुक्याच्या बेकरीवर नानकटाई भाजायला नेतात. घरातल्या लेकरांना मात्र नानकटाईपेक्षा क्रीमचं बिस्कीट प्यारं. वरची चकती फिरवून काढायची, क्रीम चाटायचं आणि मग उरलेलं दुधात बुडवायचं. हे बिस्कीट काही कालचं नाही. अमेरिकेत हायड्रॉक्स १९०८ मध्ये आणि ओरिओ १९१२ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडे ओरिओ २०११ मध्ये पोचलं. पण घरचं तूप, झाडावरून उतरवलेलं संत्र आणि गॅसवरचा गंज, म्हणजे पातेलं, एवढ्यावर ते गावात उत्तम होतं, आणि विकतच्या क्रीमला जो संत्र्याचा वास कधीच येत नाही, तो या क्रीमला येतो.

गेली काही वर्षं दर हिवाळ्यात मी ही बिस्किटं करते. सुरुवातीला चकत्या मऊ पडायच्या, क्रीम बाजूने बाहेर यायचं, दुसऱ्या दिवशी सगळं लोदट. दर वेळी कारण एकच निघायचं: कुठून तरी पाणी शिरलेलं असायचं. लोण्यातलं पाणी, संत्र्याच्या रसाचं पाणी, झाकणाला धरलेली वाफ, कूलरची दमट हवा. म्हणून हा सगळा लेख वाचताना एवढं डोक्यात ठेवा की चकतीत ओल राहता कामा नये आणि क्रीममध्ये पाण्याचा थेंब जाता कामा नये. बाकीच्या चुका निभावून जातात.

काय काय लागेल

साधारण २२ ते २४ जोड्या होतील असं प्रमाण देते. चकत्यांसाठी मैदा १२० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ३० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, थिजलेलं तूप ८० ग्रॅम, खायचा सोडा पाव चहाचा चमचा, मीठ पाव चमचा आणि दूध दोन मोठे चमचे. क्रीमसाठी तूप ५० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, एका मोठ्या संत्र्याची साल आणि चिमूटभर मीठ.

वाटीचं माप मी मुद्दाम देत नाही. प्रत्येकीच्या घरची वाटी वेगळी, आणि इथे २० ग्रॅम मैदा इकडचा तिकडे झाला तर चकती फुटते नाहीतर पसरते. घरी छोटा काटा नसेल तर किराणा दुकानातूनच मैदा आणि कोको मोजून पुड्या बांधून आणा. दुकानदार हसून देतात.

कोको घेताना डब्यावर नीट वाचा. दुधात घालायची चॉकलेटची पावडर आणि कोको पावडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत निम्म्याहून जास्त साखरच असू शकते. एकदा घाईत मला दुकानातून ती मिळाली आणि ताटलीतल्या आठही चकत्या वितळून एकमेकींना चिकटल्या. कोको चवीला कडू असला पाहिजे. बोटावर घेऊन जिभेला लावा, तोंड वाकडं झालं तर माल बरोबर आहे.

तुपाऐवजी पाकिटातलं मिठाचं बटर वापरायचं असेल तर चकत्यांसाठी ९५ ग्रॅम घ्या, कारण त्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं. मग मीठ वगळा आणि दूधही लागलंच तर चमचाभर. घरचं ताजं लोणी चकत्यांना एक वेळ चालेल, क्रीमला अजिबात नाही. कितीही धुऊन पिळून काढलं तरी त्यात ताकाचं पाणी राहतं आणि साखर ते ओढून घेते.

आदल्या दिवशी: तूप आणि संत्र

तूप रवाळ असलं की आपण बनवणारीचं कौतुक करतो. क्रीमसाठी मात्र तो रवा नको. जिभेवर कण लागले की क्रीम खाल्ल्यासारखं वाटतच नाही. उपाय सोपा आहे. क्रीमपुरतं ५० ग्रॅम तूप वितळवा, वाटी माठातल्या गार पाण्यात ठेवा आणि चमच्याने सतत ढवळत राहा. हळूहळू थिजलेल्या तुपात मोठे दाणे धरतात. ढवळत झटकन थिजवलं की दाणा बारीक राहतो. पाच-सात मिनिटांत ते पांढरट, मलमासारखं होतं. वाटीच्या काठावरून पाण्याचा शिंतोडा आत उडणार नाही एवढं जपा.

आणखी एक सांगते. लोणी फार दिवस साठवून, आंबट करून कढवलेलं खमंग तूप कोकोच्या चकतीत लपून जातं, किंबहुना शोभतं. क्रीममध्ये तोच वास संत्र्यावर चढतो. क्रीमला ताज्या लोण्याचं, बेरी तांबडी होण्याआधी उतरवलेलं तूप घ्या.

आता संत्र. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, म्हणून ते किसणीवर धरलं की साल सुरकुतते आणि हातातल्या हातात फिरते. मी संत्र तासभर फ्रिजमध्ये ठेवते. फ्रिज नसेल तर माठाच्या पाण्यात. साल ताठ होते. बाजारातलं असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा, घरच्या झाडाचं असलं तरी फवारणी आठवून धुवाच. कोरडं पुसा. मग जायफळाच्या बारीक किसणीवर फक्त वरचा रंग उतरवा. एका जागी दोनदापेक्षा जास्त घासायचं नाही. खालचा पांढरा भाग आला की कडूपणा आला. दिवाळीच्या सुरुवातीची संत्री कधीकधी हिरवट असतात, त्यांची साल तिखट लागते. अंगभर रंग चढलेलं एखादं शोधून घ्या.

हा किस ताटलीत घेऊन त्यावर क्रीमच्या ११० ग्रॅममधली दोन मोठे चमचे दाणेदार साखर टाका आणि बोटांनी चोळा. अर्ध्या मिनिटात साखर ओल्या रेतीसारखी होते, पिवळी पडते, आणि सालीतलं तेल बोटांना लागून स्वयंपाकघरभर वास सुटतो. क्रीमचा स्वाद सगळा या तेलात आहे, रसात नाही. रस घालायचा मोह होतो, पण रस म्हणजे पाणी. संत्र लेकरांना खायला द्या. ही पिवळी साखर ताटलीत पसरून रात्रभर घरातच वाळू द्या. सकाळी ती कोरडी, खडखडीत झालेली असते.

पीठ मळणं

उन्हं चढण्याआधी सुरुवात करा. हिवाळ्यातही दुपारी आमच्याकडे ऊन बऱ्यापैकी लागतं आणि पीठ सैल पडतं.

मैदा, कोको, सोडा, मीठ दोनदा चाळून घ्या. कोकोच्या गुठळ्या हट्टी असतात, भाजल्यावरही तशाच राहतात. कोपरात (परातीत) ८० ग्रॅम तूप आणि ७५ ग्रॅम पिठीसाखर तळहाताने फेसा. नानकटाईला आपण हात दुखेपर्यंत फेसतो, कारण ती फुलायला हवी. इथे चकती सपाट हवी आहे. साखर आणि तूप एकजीव झालं, रंग थोडा उजळला की थांबा. तूप पातळ असेल तर पुढे जाऊच नका, आधी थिजवा. पातळ तुपाची चकती भाजताना पसरते.

चाळलेलं पीठ घाला आणि बोटांच्या टोकांनी मिसळा. आधी ते भुरभुरीत दिसेल. एक चमचा दूध शिंपडा, गोळा करून पाहा, मग दुसरा. मुठीत दाबल्यावर गोळा धरला आणि कडा थोड्या चिरल्या की पुरे. कणकेसारखं मळू नका, मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना चकती आकसते. गोळा झाकून अर्धा तास गार जागी ठेवा.

ज्वारी घालून पाहावी असं कोणाला वाटेल. मीही करते. १२० ग्रॅम मैद्यातला ३० ग्रॅम काढून तेवढं बारीक चाळलेलं ज्वारीचं पीठ घातलं तर चकती छान खुसखुशीत होते. त्याहून जास्त घातलं की क्रीम लावताना हातातच मोडते.

लाटायला दुधाच्या पिशव्या उपयोगी पडतात. दोन पिशव्या कापून, साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. त्यांच्यामध्ये गोळ्याचा थोडा भाग ठेवून पोळपाटावर साडेतीन ते चार मिलिमीटर जाड लाटा. कोरडा मैदा भुरभुरायचा नाही, काळ्या चकतीवर पांढरे डाग राहतात. साधारण साडेचार सेंटिमीटर रुंदीचं बाटलीचं झाकण घ्या आणि चकत्या पाडा. सगळ्या चकत्यांना एकच झाकण वापरा, नाहीतर जोड्या जुळणार नाहीत. काट्याने दोन ठिकाणी टोचा. उरलेल्या कातरणाचा परत गोळा करून लाटा. दुसऱ्यांदा लाटलेल्या चकत्या थोड्या कडक होतात, त्या मी खालच्या बाजूला वापरते.

भाजणं: तीन वाटा

गॅसवरचा गंज हा माझा आवडता मार्ग, कारण लाइन कधी जाईल याची चिंता नाही. जाड बुडाचा जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) गंज किंवा कढई घ्या. पातळ बुडाची नको, आणि नॉनस्टिक तर मुळीच नको, रिकामी तापून तिचा लेप खराब होतो. तळाला बोटाच्या दोन पेरांएवढी धुऊन वाळवलेली बारीक रेती किंवा जाडं मीठ पसरा. त्यावर रिंग किंवा छोटी तिवई ठेवा. घट्ट बसणारं झाकण लावून मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं तापवा. कुकर वापरणार असाल तर झाकणाचं रबर आणि शिट्टी दोन्ही काढा, पाणी घालू नका.

गंज तापला का हे पाहायला जर्मनच्या ताटलीवर चमचाभर मैदा पसरून आत ठेवा. पाच मिनिटांनी काढल्यावर तो फिक्का बदामी दिसला तर आच बरोबर आहे. पांढराच राहिला तर अजून तापवा, तांबडा झाला तर आच कमी करा. मग तूप लावलेल्या ताटलीत सात-आठ चकत्या अंतर ठेवून मांडा, आत ठेवा आणि आच अगदी मंद करा. पहिल्या खेपेला २० ते २४ मिनिटं लागतात, पुढच्यांना दोन-तीन मिनिटं कमी.

शेवटची पाच मिनिटं राहिली की झाकण उचला. आतून पाणी धरलेलं दिसेल. ते फडक्याने पुसा, दहा-पंधरा सेकंद वाफ बाहेर जाऊ द्या आणि परत झाका. दोनदा असं करा. आमच्या चकत्या मऊ पडायच्या त्या या वाफेमुळेच. चुलीवर करणाऱ्यांनी खाली थोडे आणि झाकणावर जास्त निखारे ठेवावे. वरच्या निखाऱ्यांनी झाकण तापतं आणि वाफ धरत नाही. जुन्या बायका नानकटाई अशीच करत.

गंजाचा एक तोटा आहे. पन्नासेक चकत्यांना सहा-सात खेपा होतात आणि दोन-अडीच तास जातात. दोन ताटल्या ठेवा, एक आत असताना दुसरी मांडून तयार. उरलेलं पीठ ओल्या फडक्याने झाकलेल्या डब्यात ठेवा. फडकं डब्याच्या बाहेरून, पिठाला लागू द्यायचं नाही.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) असेल तर १६० अंशावर पंधरा मिनिटं आधी तापवून १४ ते १६ मिनिटं भाजा, वरची-खालची दोन्ही कॉइल सुरू ठेवून. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा बटणावर १६० असलं तरी आत तेवढं नसतं. सकाळीच भाजलेलं बरं. मध्येच लाइन गेली तर दार उघडू नका. आतल्या उष्णतेवर चकत्या दहा मिनिटं तशाच भाजत राहतात. लाइन आल्यावर उरलेलं पूर्ण करा, चवीत फरक पडत नाही.

बेकरीच्या भट्टीवर न्यायचं असेल तर पाव निघून गेल्यावरची वेळ मागून घ्या. पावाच्या वेळची भट्टी या पातळ चकत्यांना फार कडक असते. पहिल्यांदा दोन चकत्यांची नमुन्याची ताटली आत घालायला सांगा. भट्टीवरच्या माणसाला नानकटाईचा अंदाज असतो, काळ्या चकतीचा नसतो. एका बेकरीवर माझी अख्खी ट्रे जळली, कारण रंग बदलायची वाट पाहिली गेली, आणि काळ्यावर रंग दिसणार कुठून?

म्हणून भाजल्याची खूण रंगात शोधू नका. वरची ओलसर चमक गेलेली असते. कडेला बोट लावलं तर घट्ट लागते, मधोमध हलकं दाबलं तर किंचित दबते. वास कच्च्या पिठाचा न राहता चॉकलेटचा येतो. तो जरा कडवट झाला की वेळ टळत चालली आहे. गरम चकती मऊच असते. मऊ आहे म्हणून आणखी भाजली तर गार झाल्यावर कडू लागेल. ताटलीतच पाच मिनिटं राहू द्या, मग सराट्याने उचलून जाळीवर ठेवा.

पूर्ण गार झाल्यावर एक मोडून बघा. काड्‌कन आवाज आला आणि मधला भाग कडेसारखाच कोरडा दिसला तर झालं. वाकून मोडली किंवा मध्ये गडद ओला डाग दिसला तर सगळ्या चकत्या मंद आचेवर आणखी पाच मिनिटं ठेवा. ही दुसरी भाजणी कंटाळा न करता करा. बिस्कीट आठ दिवस टिकणार की दोन, ते इथे ठरतं.

गार करताना कूलरसमोर ठेवू नका. पंखा चालेल. कूलरची हवा गार लागते, पण पाणी घेऊन येते, आणि अर्ध्या तासात कुरकुरीत चकती पापड दमावा तशी दमते.

क्रीम आणि जोड्या

रात्रभर वाळलेली पिवळी साखर, उरलेली साखर आणि कॉर्नफ्लोअर मिक्सरमध्ये बारीक करा. भांडं पूर्ण कोरडं हवं. एका दमात न फिरवता थांबून थांबून फिरवा, नाहीतर साखर गरम होते आणि तूप वितळवते. दळल्यावर पंधरा मिनिटं तशीच ठेवा, मग मैद्याच्या चाळणीने चाळा. चिमूट घेऊन दोन बोटांत चोळा. कण लागला तर परत फिरवा.

थिजवलेलं तूप लाकडी चमच्याने पांढरं होईपर्यंत घोटा. त्यात साखर तीन वेळा थोडी थोडी घाला, शेवटी दूध पावडर आणि मीठ. पहिल्यांदा वाटेल की एवढं कोरडं कसं मिळून येणार. हाताने मळत राहा, तळव्याच्या उबेने ते धरतं. शेवटी पेढ्याच्या मऊ खव्यासारखा गोळा झाला पाहिजे, चमच्यावरून पडेल असं क्रीम नव्हे. गोळी वळताना चिरत असेल तर अर्धा चमचा तूप, हाताला चिकटत असेल तर चमचाभर पिठीसाखर. दूध घालू नका.

क्रीमसाठी तुपाऐवजी डालडा वापरला तर ते जास्त ताठ राहतं, हे खरं. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक चरबीवर) २ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे पूर्वीइतकी काळजी उरलेली नाही. तरीही टाळूला चिकटणारा तो थर मला आवडत नाही. घरी तूप असताना मी डालड्याकडे जात नाही.

आता चकत्यांच्या जोड्या लावा. आकार बघून जुळवा, सपाट बाजू आत. क्रीमची बोराएवढी गोळी खालच्या चकतीच्या मधोमध ठेवा, वरची चकती त्यावर ठेवून तळहाताने, बोटांनी नव्हे, थोडं फिरवत दाबा. बोटांनी दाबलं की चकती मध्ये तडकते. क्रीम कडेपासून ज्वारीच्या दाण्याएवढं आत राहिलं की थांबा. पिशवीने क्रीम भरायची गरज नाही. गोळीने प्रत्येक बिस्किटात क्रीम सारखंच येतं आणि लहान मुलीसुद्धा हे काम सुबक करतात. माझी पुतणी गोळ्या वळायला बसते, तिच्या गोळ्या माझ्यापेक्षा एकसारख्या.

केल्या केल्या खायची घाई असेल तर दोन-चार खा. खरी चव दुसऱ्या दिवशी येते. रात्रभर घट्ट डब्यात राहिल्यावर क्रीम बसतं, संत्र्याचा वास कोकोत उतरतो.

उन्हाळा आणि पावसाळा

चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तूप त्याच्या कितीतरी आधी पातळ होतं, बटरही तसंच. तेव्हा हे क्रीम कितीही साखर घातली तरी ढिलं पडणार. मी त्या दिवसांत चकत्या पहाटे भाजून डब्यात ठेवते आणि भरण वेगळं करते: तूप ३० ग्रॅम, दूध पावडर ६० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम. तूप कमी असल्याने ते नरम होतं पण वाहत नाही. चव पेढ्याकडे झुकते. संत्री तेव्हा नसतात, वेलची घाला. तेवढ्या वेळेला लागतील तेवढ्याच जोड्या भरा.

श्रावण-भादव्यात भरलेली बिस्किटं ठेवूच नयेत. चकत्या दमल्या तर मंद गंजात पाच मिनिटं, पूर्ण गार झाल्यावर क्रीम.

ठेवण आणि धाडणं

स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला बटर पेपर. वर्तमानपत्र नको, तुपाला शाई लागते. हिवाळ्यात दहा-बारा दिवस छान राहतात. फ्रिजमध्ये ठेवली तर डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर गार बिस्किटांवर दव धरतं.

नागपूरला किंवा पुण्याला शिकणाऱ्या लेकरासाठी एसटीने डबा पाठवायचा असेल तर बिस्किटं आडवी एकावर एक रचू नका. पोह्याच्या पापडांसारखी उभी, कडेवर, एकाला एक टेकून ओळीने बसवा, दोन ओळींमध्ये बटर पेपरची घडी घाला. राहिलेली फट कुरमुऱ्यांनी भरा. रस्त्यात डबा कितीही हलला तरी चकत्या एकमेकींवर आदळत नाहीत, आणि होस्टेलवर पोचल्यावर कुरमुरेही कामी येतात.